पंप ओरडतो, पाणी येत नाही : गाडीतल्या पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची नेहमीची तक्रार

फोन साधारण सारखाच असतो. गाडी सौंदत्तीच्या डोंगरावर नाहीतर चोर्ल्याच्या घाटात, वेळ संध्याकाळची, आणि पलीकडून आवाज : "पंप ओरडूलाय बघा, पण पिण्याच्या नळाला पाणी येईना. फिल्टर गेला वाटतं." मी विचारतो, बेसिनच्या नळाला येतंय का? पलीकडे शांतता. ते कुणी बघितलेलंच नसतं.

बेळगावच्या उद्यमबागेत टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये झोपायची, स्वयंपाकाची सोय करून देतात, त्यातलं पाण्याचं काम मी करतो. टाकी, पंप, नळ, फिल्टर. सुरुवातीला अशा फोनवर मीही मुकाट कँडल बदलून द्यायचो. निपाणीच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत एका हंगामात तीन कँडल बदलल्या. चौथ्या वेळी टाकीखाली आडवा झालो तेव्हा कळलं, पंपाकडे जाणाऱ्या पाइपची क्लिप अर्धा आटा ढिली होती. स्क्रू ड्रायव्हरचे दोन पीळ, काम संपलं. तीन कँडलचे पैसे परत केले. तेव्हापासून फिल्टरला हात सगळ्यात शेवटी लावतो.

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. टाकीतून पाणी एका छोट्या जाळीतून १२ व्होल्टच्या डायफ्रॅम पंपात जातं. पंपानंतर लाइन दोन ठिकाणी फुटते. एक सरळ बेसिनला. दुसरी ५ मायक्रॉनच्या स्पन कँडलमधून (गाळ अडवणारी धाग्यांची गाळणी), मग कार्बनमधून, मग यूएफ मेम्ब्रेनमधून (जंतू अडवणारा अगदी बारीक छिद्रांचा पडदा) पिण्याच्या नळाला. काही गाड्यांत यूएफऐवजी यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा असतो. तुमच्या गाडीत क्रम थोडा वेगळा असेल, तर्क तोच लागतो.

लक्षणं, आणि कान

ही तक्रार चार रूपांत येते. धार करंगळीएवढी होते. पंप चालू-बंद, चालू-बंद असा टकटक करतो. पंप सलग ओरडत राहतो आणि नळातून थुंकल्यासारखं हवा-पाणी, हवा-पाणी येतं. नाहीतर पाणी येतं भरपूर, पण वास मारतं.

यातल्या मधल्या दोन आवाजांतला फरक ओळखता आला की अर्धं निदान झालं. पंपाला एक प्रेशर स्विच असतो. पुढची वाट तुंबली की दाब लगेच चढतो, स्विच पंप बंद करतो, थोडं पाणी झिरपून दाब उतरतो, पंप पुन्हा चालू. म्हणून टकटक म्हणजे दोष पंपाच्या पुढे, फिल्टरकडे. पंप न थांबता ओरडतोय म्हणजे त्याला दाब करता येत नाही, पाणी पुरेसं मिळत नाही किंवा सोबत हवा येते. म्हणजे दोष मागे, टाकीकडे. फोनवर मी लोकांना सांगतो, बोलू नका, मोबाइल पंपाजवळ धरा आणि नळ उघडा.

रात्री सगळे नळ बंद असताना तासाभराने एकदाच 'टक' ऐकू आलं तर ते तिसरंच काही असतं. कुठेतरी ठिबकतंय, किंवा पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा कण अडकून दाब मागे उतरतोय. घाबरण्यासारखं नाही, पण बॅटरी खातं.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

दोन्ही नळ उघडून बघा. दोन्हीकडे धार बारीक असेल तर फिल्टर निर्दोष, कारण बेसिनचं पाणी त्याच्यातून जातच नाही. फक्त पिण्याचा नळ रडत असेल तरच फिल्टरवर संशय घ्या. या एका तपासणीने मला मिळणारं निम्मं काम जातं, जाऊ दे.

मग टाकीच्या तोंडाचं झाकण उघडा आणि पुन्हा नळ सोडा. धार सुधारली? मग टाकीची हवेची नळी बुजलीय. टाकीतून पाणी बाहेर यायचं तर तेवढीच हवा आत जायला हवी, नाहीतर पंप पोकळीशी झोंबत बसतो. पातळ टाकी असेल तर पोट आत गेलेलंही दिसतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. नळीचं तोंड म्हणजे कुंभारीण माशीला तयार घर. ती चिखलाने असं लिंपून घेते की गवंड्याने शिकावं. तार घालून मोकळं करा आणि तोंडाला बारीक जाळी बांधा.

टाकीत पाणी खरोखर किती आहे तेही डोळ्यांनी बघा. काट्यावर विश्वास नको. घाटात गाडी तिरकी उभी असली की अर्ध्या टाकीतही पंपाची नळी कोरडी पडते. जांबोटीच्या पुढे उतारावर लावलेली एक गाडी मी फोनवरच 'दुरुस्त' केलीय : गाडी सपाटीला घ्या म्हणालो.

याच सदरात एक घड्याळाची तपासणी. नवीन कँडल घातली त्या दिवशी एक लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि फिल्टरच्या झाकणावर मार्करने तारखेसकट लिहून ठेवा. तो आकडा दुप्पट झाला की कँडलचा विचार करायचा. "धार कमी झाल्यासारखी वाटतेय" यावर मी आता काही सांगत नाही, कारण तहान लागली की कुठलीही धार कमीच वाटते.

पाणी कुठलं भरलं होतं?

हा प्रश्न लोकांना चौकशीसारखा वाटतो, पण आपल्या भागात पन्नास किलोमीटरवर पाण्याचा स्वभाव बदलतो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिकडचं, खानापूर तालुक्यातलं पाणी हलकं. पण पावसात ते तांबड्या मातीने गढूळ होतं आणि स्पन कँडल दोन-तीन भरण्यांत विटकरी करून टाकतं. सौंदत्ती-बैलहोंगलकडे काळी माती, तिचा गाळ पिठासारखा बारीक, तो स्पनमधून थोडा निसटून कार्बनपर्यंत पोहोचतो. अथणी-रायबागच्या बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं, पण जड. ते कँडल तुंबवत नाही. यूव्हीच्या काचेवर, नळाच्या तोंडात पांढरा थर चढवतं. धरणाचं किंवा कालव्याचं पाणी भरलं असेल तर हिरवट, बुळबुळीत.

म्हणून कँडल बाहेर काढली की फेकायच्या आधी तिचा रंग बघा. तांबडी किंवा काळी असेल तर गाळ, नवीन घाला आणि पुढच्या वेळी भरताना पाइपलाच एक वेगळा स्पन लावा. हिरवी, बुळबुळीत असेल तर नुसती कँडल बदलून भागणार नाही, टाकी धुवावी लागेल. आणि धार बारीक असून कँडल पांढरीशुभ्र असेल, तर दोष तिथे नाहीच. ती परत घाला, पैसे वाचवा.

भरायच्या ठिकाणी विचारायची लाज बाळगू नका. इकडे गावोगाव पाणी दोन प्रकारचं असतं : 'कुडियुव नीरु' म्हणजे प्यायचं, 'बळसुव नीरु' म्हणजे वापरायचं. फलक कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर नळाकडे बोट करून "कुडियो नीरा?" एवढं विचारलं तरी पुरतं. कोल्हापूर-सांगलीकडून यल्लम्माला येणाऱ्या मंडळींनी बळसुव नीरु भरून वर फिल्टरला शिव्या दिलेल्या मी ऐकल्यात.

जाळी आणि हवा : खरा चोर इथे सापडतो

दोष मागच्या बाजूला आहे असं ठरलं, की पंपाच्या तोंडाशी असलेली पारदर्शक डबी उघडा. आत जाळी असते. टाकी बसवताना राहिलेला प्लॅस्टिकचा कीस, टेफ्लॉन टेपचे धागे, पानाचे तुकडे, सगळं तिथे जमतं. जुना टूथब्रश आणि दोन मिनिटं. जाळी धुवून पुन्हा वापरायची असते, काढून टाकायची नसते. ती काढली की कण पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जातो आणि दोन मिनिटांचं काम पंप खोलण्यावर येतं.

जाळी साफ आहे, तरी पंप ओरडतोय. आता हवा शोधायची. इथे नवखा फसतो, मीही निपाणीवाल्याच्या गाडीत याच ठिकाणी फसलो होतो. गळती म्हटलं की आपण ओल शोधतो. पण टाकी ते पंप या भागात पंप पाणी ओढत असतो. तिथला जॉइंट ढिला असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. फडक्याने पुसून बघितलं तर सगळं कोरडं ठणठणीत, आणि आपण म्हणतो इथे काही नाही.

यावर बादलीची परीक्षा आहे. टाकीकडून येणारा पाइप पंपापासून सोडवा, त्या जागी हातभर दुसरा पाइप लावा आणि त्याचं टोक स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवा. पंपाने गपागप पाणी ओढलं तर पंप ठणठणीत, दोष मधल्या पाइपात किंवा जॉइंटमध्ये. बादलीतूनही ओढेना तर पंप किंवा त्याची वीज. मधला दोष असेल तर एकेक क्लिप आवळत या. क्लिपखाली पाइपला चीर पडली असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बसवा, चिरेवर टेप गुंडाळून काही होत नाही. क्लिप ढिल्या होतात त्या आतल्या रस्त्यांवर, हादऱ्यांनी. मी आता पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप मुद्दाम घालतो. बुडबुडे दिसले की निदान झालं. पण त्याच्यावर काळं कापड गुंडाळून ठेवा. उजेड लागला की पारदर्शक पाइपात शेवाळ धरतं, आणि मग माझी हुशारी माझ्याच अंगाशी येते.

वीज

बादलीतून ओढत नसेल तर पंप चालू असताना, चालू असतानाच, त्याच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावा. बंद असताना साडेबारा व्होल्ट दाखवून चालू केल्यावर ११च्या खाली जात असेल, तर बॅटरी उतरलीय, तार बारीक आहे किंवा जोड गंजलाय. अशक्त पंप हुबेहूब तुंबलेल्या फिल्टरसारखा वागतो. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. फ्यूज पुन्हा उडाला तर हात मागे घ्या आणि गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे न्या.

आता फिल्टर

स्पन कँडल शंभर-दीडशे रुपयांची वस्तू. ती ब्रशने घासून परत वापरणारे पुष्कळ. बाहेरचा थर निघतो, आतला गाळ तिथेच राहतो, आणि घासल्याने धागे सुटून वाट मोठी होते. धार सुधारते ती त्यामुळे, आणि गाळ कार्बनमध्ये जातो. शंभर रुपये वाचवून त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा कार्बन घालवायचा.

हाउसिंग, म्हणजे कँडल ठेवायची वाटी आणि तिचं झाकण, उघडताना आधी पंपाचा स्विच बंद, मग वरचं लाल बटण दाबून दाब सोडा. उघडायला पाना, बंद करायला फक्त हात. पान्याने आवळलं की वाटी चिरते, आणि ती नेमकी रात्री चिरते. ओ-रिंगला, म्हणजे वाटीच्या रबरी कड्याला, गाडीचं ऑइल, ग्रीस, व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं. खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेच.

कार्बन क्लोरीन, वास, चव काढतो. पण नेमकं म्हणूनच त्याच्या पुढचं पाणी उघडं पडतं. क्लोरीन गेला, राखण गेली. गाडी महिनाभर उभी राहिली तर त्या ओल्या कार्बनमध्ये जंतूंची वसाहत होते. म्हणून कार्बन लिटरवर नाही, कॅलेंडरवर बदला. सहा महिन्यांत गाडी दोनदाच बाहेर पडली असली तरी बदला. आणि काही हौशी लोक टाकी भरतानाच पाइपला कार्बन लावतात, तसं करू नका. टाकीत क्लोरीन राहू दे, तो शेवटच्या टप्प्यावरच निघू दे. नव्या कार्बनमधून पहिले दहा-पंधरा लिटर पाणी काळपट येतं, ते सोडून द्या. त्यानंतरही काळे कण येत राहिले तर कँडल नीट बसलेली नाही.

यूएफला उलट्या बाजूने धुण्याची सोय असेल तर कंपनीच्या कागदात सांगितल्याप्रमाणे धुवा, नसेल तर बदला. गाडी विकत घेणारे आरओ मागतात, मी देत नाही. एक लिटर गोड पाण्यासाठी दोन-तीन लिटर नाल्यात, आणि तुमची टाकी शंभर लिटरची. घरात ठीक आहे.

टीडीएस मीटरबद्दल एकदाच सांगतो. तो विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू दाखवत नाही. कार्बन आणि यूएफने तो आकडा कमी होत नाही, व्हायचाही नसतो, म्हणून "फिल्टर लावूनही टीडीएस तेवढाच" ही तक्रार नव्हे. आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण टीडीएस १०० असलेल्या पाण्यात कावीळ असू शकते.

वास येत असेल तर

नव्या प्लॅस्टिकचा वास बहुधा भरायच्या पाइपचा असतो. बागेचा हिरवा पाइप पिण्याच्या पाण्याला वापरू नका, उन्हात तापला की वास पाण्यात उतरतो. सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर गिझर बघा. दोन्हीकडे येत असेल तर टाकी धुवायची.

टाकी धुणं अवघड नाही, वेळखाऊ आहे. कार्बन आधी बाहेर काढा, आरओ असेल तर त्याचं मेम्ब्रेनही. कार्बन सगळा क्लोरीन खाऊन टाकतो आणि आरओचं मेम्ब्रेन क्लोरीनने खराब होतं. शंभर लिटरच्या भरलेल्या टाकीत ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर. म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. हे प्यायचं पाणी नाही, घरात सगळ्यांना सांगून नळावर चिठ्ठी लावा. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग रात्रभर तसंच ठेवा. सकाळी सगळं काढून टाका, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने भरून रिकामं करा, मग नवीन कँडल. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर चुन्याचा गाळ खाली बसतो, आणि तो कुठे जाऊन अडकणार ते आता तुम्हाला माहीत आहे.

यूव्हीच्या काचेवरचा पांढरा थर सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो. पण ज्या दिवशी क्लोरीन त्या दिवशी अ‍ॅसिड नाही, संडासाचं क्लीनर तर मुळीच नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो, आणि गाडी म्हणजे बंद खोली. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसला म्हणजे तो काम करतोय असंही नाही. साधारण वर्षभराने त्याची ताकद उतरते, आणि गढूळ पाण्यात तर नवीन दिव्याचाही उपयोग नाही, कण जंतूंना सावली देतात.

कुठे थांबायचं

गाडीतल्या दोघांना एकाच वेळी जुलाब, उलट्या किंवा ताप आला, तर ते पाणी बंद. पाना ठेवा, डॉक्टरकडे जा. तोवर सीलबंद किंवा उकळलेलं पाणी, खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. ओआरएसही त्याच पाण्यात.

पाण्याला औषध फवारणीचा, डिझेलचा वास आला, किंवा उसाच्या फडाजवळच्या विहिरीतून भरल्यावर चव बदलली, तर ते ओतून द्या. उकळून तो प्रकार जात नाही, यूएफला तो दिसतही नाही. नायट्रेट, फ्लोराइड यांचंही तसंच, तो प्रयोगशाळेचा विषय.

यूव्ही इन्व्हर्टरवर, म्हणजे २३० व्होल्टवर चालत असेल आणि हाउसिंग ओलं दिसलं, तर हात लावू नका. आधी इन्व्हर्टर बंद, मग इलेक्ट्रिशियन. गॅसच्या गिझरलाही तेच. टाकीला चीर असेल तर एम-सील लावून पिण्याचं पाणी ठेवू नका, टाकी बदला.

आणि टाकी धुतली, सगळं बदललं, तरी आठवड्यात पुन्हा बुळबुळीत झालं, तर तुम्ही रोज भरताय तो स्रोतच दूषित आहे, माझ्याकडे येऊन उपयोग नाही. औषधाच्या दुकानात किंवा ग्रामपंचायतीच्या किटमध्ये एचटूएसची छोटी बाटली मिळते का बघा. तीत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. मग जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासणीला द्यायचं. नमुना त्यांनी दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि त्याच दिवशी पोचवायचा. एकाने माझ्याकडे सरबताच्या बाटलीत आणून दिला होता, तीन दिवसांनी.